कुशिमोतो आणि सुसामीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानमध्ये नोकरी-शिक्षणासाठी राहणारे मराठी मित्र आणि मालवणला पहिली बुडी मारून आता पुढे कुठे, असा विचार करणारे डाइव्हर यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण या किनाऱ्याबद्दल समजून घेण्यासारखे जे आहे, ते बहुतेक एकाच सागरी प्रवाहाभोवती फिरते आणि तो प्रवाह दोन ओळींत सांगून संपत नाही.

कुशिमोतो नेमके कुठे आहे? ओकिनावा सोडून तिथे का जावे?

जपानच्या मुख्य बेटाचे, म्हणजे होन्शूचे, सर्वांत दक्षिणेकडचे टोक शिओनोमिसाकी या नावाने ओळखले जाते. वाकायामा प्रांतातील कुशिमोतो हे छोटे गाव त्या टोकाला बिलगून वसलेले आहे आणि त्याच्या वायव्येला किनाऱ्यानेच सुसामी लागते. हा सगळा भाग ‘की’ नावाच्या द्वीपकल्पाचा. मागे दाट जंगलाचे डोंगर, पुढे काळाकभिन्न खडक आणि मध्ये रस्ता व रेल्वे जेमतेम मावतील एवढीच जागा, असे याचे रूप कोकणातल्या माणसाला परके वाटत नाही.

पांढरी वाळू आणि बारमाही उबदार पाणी हेच चित्र डोळ्यांसमोर असेल, तर खुशाल ओकिनावाला जावे. कुशिमोतो तुमची निराशा करील. येथे यायचे ते एका सरमिसळीसाठी. थंड पाण्यातले समुद्री गवत आणि उष्ण कटिबंधातले प्रवाळ, शेवंडांच्या कपारी आणि विदूषक माशांची समुद्रफुले हे सगळे एकाच खडकावर, हाताच्या अंतरावर पाहायला मिळते. शिवाय पाण्याखाली गर्दी कमी असते आणि स्थानिक मार्गदर्शक एकेका खडकाला घरच्या कपाटासारखे ओळखतात.

इतक्या उत्तरेला प्रवाळ कसे काय वाढतात?

प्रश्न रास्त आहे. मालवण सोळाव्या अक्षांशावर आहे, तर कुशिमोतो तेहतिसाव्या अंशाच्याही पुढे, म्हणजे जम्मूच्याही किंचित उत्तरेला. तरीही येथे शंभराहून अधिक जातींचे प्रवाळ नोंदले गेले आहेत आणि उथळ पाण्यात मेजासारख्या पसरट प्रवाळांची मोठी वस्ती आहे. १९७० साली जपानने समुद्राखालची उद्याने जाहीर केली, तेव्हा कुशिमोतोचा क्रमांक पहिल्या तुकडीत लागला, आणि २००५ साली येथील ५७४ हेक्टर सागरी क्षेत्र पाणथळ जागांच्या रक्षणासाठीच्या रामसर कराराच्या यादीत गेले.

याचे श्रेय कुरोशिओ या प्रवाहाचे. फिलिपीन्सच्या पूर्वेला जन्मलेला हा उबदार प्रवाह तैवानच्या कडेने वर चढतो, ओकिनावाच्या पश्चिमेने जातो, मग पॅसिफिकमध्ये वळून शिकोकू आणि की द्वीपकल्पाच्या समोरून वाहतो. रुंदी सुमारे शंभर किलोमीटर आणि मध्यभागी वेग ताशी सहा-सात किलोमीटरपर्यंत, म्हणजे अंगणाबाहेरून एक अजस्र नदीच गेल्यासारखी. कुरोशिओ या शब्दाचा अर्थ काळा प्रवाह. या पाण्यात पोषकद्रव्ये कमी, त्यामुळे तरंगणारे सूक्ष्म जीव कमी, त्यामुळे पाणी नितळ, आणि नितळ असल्यामुळेच वरून पाहताना ते गर्द, जवळजवळ काळे दिसते. डाइव्हरच्या दृष्टीने मात्र असे काळे पाणी आत आले की तो सणाचा दिवस.

येथे एक फरक लक्षात ठेवावा. मालदीव किंवा लक्षद्वीपमध्ये प्रवाळांचे सांगाडे शतकानुशतके साचून त्यांचाच खडक, त्यांचेच बेट बनते. कुशिमोतोचा हिवाळा प्रवाळांना तेवढी उसंत देत नाही. ते जगतात, पसरतात, पण आधीच असलेल्या खडकाला धरून. जसे कातळावर झुडूप उगवते तसे. म्हणून येथे प्रवाळ भरपूर आहेत, पण शब्दशः प्रवाळभिंत नाही.

हा प्रवाह वाट बदलतो असे ऐकले. त्याचा आमच्या सहलीशी काय संबंध?

पुष्कळ संबंध आहे. कुरोशिओ काही वर्षे शिओनोमिसाकीला जवळजवळ खेटून वाहतो आणि काही वेळा किनाऱ्यापासून दूर, दक्षिणेकडे मोठा वळसा घेऊन मग पुन्हा वर येतो. अलीकडचा असा मोठा वळसा ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झाला आणि एप्रिल २०२५ पर्यंत, म्हणजे पावणेआठ वर्षे टिकला. नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासूनचा तो सर्वांत दीर्घ ठरला. २०१८ च्या सुरुवातीच्या कडाक्याच्या थंडीत कुशिमोतोचे पाणी नेहमीपेक्षा खूप थंड झाले आणि उथळ भागातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले. ज्यांनी हे तळ आधी पाहिले होते, ते आजही खडकाकडे बोट दाखवून “इथे होते” असे सांगतात. त्याआधी, २००० नंतरच्या दशकात, प्रवाळ खाणाऱ्या काटेरी तारामाशांचा सुळसुळाट झाला होता आणि स्थानिक डाइव्हरांनी ते एकेक करून वेचून काढले होते. तेव्हा जुनी छायाचित्रे पाहून तशाच दृश्याची अपेक्षा धरू नये. काही ठिकाणी प्रवाळ पुन्हा भरले आहेत, काही ठिकाणी कोवळी रोपे नुकती धरत आहेत.

प्रवाह जवळ आहे की दूर, हे ओळखण्याची एक सुंदर युक्ती येथे वापरली जाते. भूशिराच्या पश्चिमेला कुशिमोतो आणि पूर्वेला उरागामी, अशी भरती-ओहोटी मोजणारी दोन केंद्रे आहेत. प्रवाह किनाऱ्याला खेटून असला की पश्चिमेकडची समुद्रपातळी पूर्वेकडच्या तुलनेत चढते. तो दूर गेला की दोन्हींतला फरक जवळपास मिटतो. जवळजवळ असलेल्या दोन बंदरांच्या पाण्याची उंची पाहून खुल्या समुद्रातल्या एवढ्या प्रचंड प्रवाहाची वाट कळते, हे मला पहिल्यांदा समजले तेव्हा बुडी मारण्याइतकाच आनंद झाला होता.

कोणत्या महिन्यात जावे?

माझे मत विचाराल तर ऑक्टोबर. ऑगस्टमध्ये पाणी २७-२८ अंशांवर जाते, पण सुट्ट्यांची गर्दी आणि वादळांची टांगती तलवार दोन्ही असतात. वादळ हजार किलोमीटर दूर असले तरी त्याच्या लांब लाटा दोन-तीन दिवस आधीच येऊन थडकतात आणि आकाश निरभ्र असताना बोटी बंद राहतात, हे नवख्याला पटत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी अजून उबदार असते, नितळपणा वाढू लागतो आणि छोट्या माशांची जत्रा भरलेली असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तापमान १५-१६ अंशांपर्यंत उतरते; तेव्हा ड्राय सूटशिवाय, म्हणजे अंगाला पाणी लागू न देणाऱ्या सूटशिवाय, मजा नाही, पण नितळपणा वर्षातला सर्वांत चांगला मिळू शकतो.

भारतातून येणाऱ्यांसाठी एक सोय आपोआप झालेली आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मालवण-तारकर्लीचा समुद्र पावसाळ्यामुळे बंद असतो आणि नेमका तोच येथील हंगामाचा काळ.

पाण्याखाली काय पाहायला मिळते?

कुशिमोतोची बहुतेक ठिकाणे बंदरापासून बोटीने पाच-दहा मिनिटांवर आहेत. सुमिसाकी, बिझेन, इसुझुमी खडक ही त्यांतली नेहमीची नावे. असाजी हे जरा बाहेरच्या समुद्रातले, प्रवाह आणि मोठे मासे यांच्यासाठी प्रसिद्ध, आणि अनुभव असल्याशिवाय तेथे नेत नाहीत ते योग्यच आहे.

मोठ्या गोष्टींची यादी करायची तर समुद्री कासवे, गोबऱ्यासारखे धिप्पाड मासे, पाखट, पेडव्यांसारख्या चंदेरी छोट्या माशांचे थवे आणि त्यांच्यावर झडप घालणारे शिकारी मासे असे बरेच सांगता येईल. पण या समुद्राची खरी गोडी बारकाव्यात आहे. एका मेजप्रवाळाखाली डोकावून पाहावे. वरून तो पालथ्या परातीसारखा दिसतो. खाली मात्र सावलीचे एक घर असते, ज्यात लाल रंगाचे मोठ्या डोळ्यांचे मासे एकमेकांना चिकटून थांबलेले, कोपऱ्यात पंख पसरलेला सिंहमासा आणि मागच्या फटीतून बाहेर आलेल्या शेवंडाच्या दोन लांब मिशा दिसतात.

उन्हाळ्यात समुद्रफुलांच्या बुडाशी खडकावर विदूषक माशांनी घातलेली अंडी पाहायला मिळतात. नुकती घातलेली असतात तेव्हा ती केशरी शेवयांच्या तुकड्यांसारखी दिसतात. दिवस भरत आले की प्रत्येक दाण्यात दोन चंदेरी डोळे चमकू लागतात. नर तोंडाने आणि पंखांनी त्यांच्यावर पाणी वारत राहतो. तुम्ही फार जवळ गेलात तर मादी, जी आकाराने मोठी असते, सरळ तुमच्या मास्कवर धडक मारते. तळहाताएवढ्या माशाची ही हिंमत पाहून हसू येते आणि श्वासाचे गणित चुकते.

शरद ऋतूत मार्गदर्शक बंदराजवळच्या साध्यासुध्या दगडांशी थांबवतात आणि नखाएवढी पिवळी-काळी पिल्ले दाखवतात. ही उष्ण कटिबंधातल्या माशांची पिल्ले. प्रवाहाबरोबर शेकडो किलोमीटर वाहत आलेली. येथे ती खातात, वाढतात, आणि हिवाळ्यात पाणी थंड झाले की बहुतेक मरतात. जपानी भाषेत त्यांना जे जुने नाव आहे, त्याचा अर्थच ‘मरून नाहीसे होणारे प्रवासी मासे’ असा होतो. अलीकडे त्यांतले काही हिवाळा तगूनही जातात.

मालवणला डाइव्ह केली आहे. तेवढा अनुभव पुरेसा आहे का?

मालवणला बहुतेकांनी केलेली असते ती प्रशिक्षकाने हात धरून करवलेली ओळखीची बुडी. तिचे प्रमाणपत्र मिळते ते आठवणीसाठी. डाइव्हर म्हणून तुमची नोंद त्याने होत नाही. कुशिमोतोतही अशी ओळखीची बुडी मिळते आणि तिला कोणतेही कार्ड लागत नाही. मात्र बोटीने जाऊन स्वतंत्रपणे, जोडीदारासह डाइव्ह करायची असेल, तर पाडी, नावी, एसएसआय यांसारख्या संस्थेचे ओपन वॉटर कार्ड हवे. त्याची मर्यादा १८ मीटर. येथील चांगल्या जागांपैकी काही त्याहून खोल आहेत, म्हणून अ‍ॅडव्हान्स्ड कार्ड असेल तर अधिक बरे. भारतात काढलेले कार्ड चालते. शेवटची डाइव्ह होऊन वर्षभराहून अधिक काळ लोटला असेल, तर ते बुकिंगच्या वेळीच सांगावे. बहुतेक केंद्रे आधी उजळणी करवून घेतात आणि त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही.

पोहता येत नसेल तर?

ओळखीच्या बुडीपुरते चालते. कार्डाचा अभ्यासक्रम करायचा तर आधी पोहायला शिकावे.

साधने भारतातल्यासारखीच असतात का?

जवळजवळ, पण एका फरकाने माझी चांगली फजिती झाली होती. आपल्याकडे बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे सिलिंडर वापरतात. ते रिकामे होत आले की तरंगू लागतात, म्हणून कमरेला शिसे थोडे जास्त बांधण्याची सवय लागते. जपानमध्ये सर्रास दहा लिटरचे पोलादी सिलिंडर असतात, जे शेवटपर्यंत जड राहतात. मी सवयीने नेहमीचे वजन मागून घेतले, मार्गदर्शकाने दोनदा विचारूनही तेच हवे म्हणालो, आणि पाण्यात शिरताच दगडासारखा तळाशी जाऊन बसलो. वीस मिनिटे बीसीडी, म्हणजे तरंग सांभाळणारे हवेचे जाकीट, फुगवण्या-सोडण्यात गेली आणि हवा सगळ्यांच्या आधी संपली. तेव्हा एकाच जाडीच्या सूटसाठी शिसे साधारण दोन किलोने कमी धरावे आणि बोटीच्या शिडीजवळ एकदा तपासून घ्यावे. सूट मात्र जाड लागतो, आणि जाड सूटला पुन्हा शिसे वाढवावे लागते. उन्हाळ्यातही येथे पाच मिलिमीटरचाच सूट घालतात. हे गणित मार्गदर्शकावर सोपवलेले उत्तम.

दहा लिटरच्या सिलिंडरमध्ये हवाही आपल्या नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरपेक्षा थोडी कमी मावते. ज्यांची हवा लवकर संपते, त्यांनी मोठा सिलिंडर मिळेल का, हे आधी विचारावे.

डाइव्हचा दिवस कसा जातो?

सकाळी आठ-साडेआठला केंद्रावर पोहोचायचे, आरोग्याची प्रश्नावली भरायची, फळ्यावर काढलेल्या नकाशावरून मार्गदर्शक खडक, खोली, वळण्याची जागा आणि परतीची खूण समजावून सांगतो. मग बोट, पाठीमागे कोलांटी, साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची बुडी, परत किनारा. दुपारच्या दुसऱ्या बुडीपूर्वी तासाभराची विश्रांती असते. थंडीच्या दिवसांत वर आल्यावर गरम पाण्याचा तांब्या सूटच्या गळ्यातून आत ओततात. त्या क्षणाचे सुख लिहून सांगण्यासारखे नाही.

दिवसाचा शेवट नोंदवह्या भरण्याने होतो आणि हा भाग टाळून पळू नये. सगळे एका मेजाभोवती बसतात, मध्ये माशांची जाडजूड पुस्तके उघडलेली असतात, मार्गदर्शक त्या दिवशी दिसलेल्या प्रत्येक जिवाचे नाव सांगतो आणि मंडळी रंगीत पेन्सिलींनी चित्रे काढतात. साठीच्या एका काकूंनी एका शिंपलाहीन गोगलगायीचे चित्र काढण्यात अर्धा तास घालवलेला मी पाहिला आहे. शेवटी केंद्राचा शिक्का उमटवून मिळतो.

ज्यांना बोट लागते, त्यांनी गोळी निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी. अंतर कमी असले तरी नांगर टाकलेली बोट जास्त हेलकावते.

जपानी येत नाही. अडेल का?

थोडे अडेल. मोठ्या शहरांबाहेर इंग्रजी बोलणारे मार्गदर्शक मोजके आहेत, म्हणून बुकिंग करतानाच विचारून घ्यावे. पाण्याखाली सगळे हातानेच बोलतात, त्यामुळे खरी गरज पडते ती वरच्या सूचना आणि आरोग्याची प्रश्नावली समजून घेताना. त्या प्रश्नावलीत दमा, रक्तदाब, कानाच्या तक्रारी यांविषयी विचारलेले असते. न समजता सगळीकडे ‘नाही’ लिहिणे हा मूर्खपणा आहे. फोनवर भाषांतर करून घ्या आणि खरे लिहा.

समुद्राखाली टपालपेटी आहे, हे खरे का?

खरे आहे, पण ती कुशिमोतोत नसून शेजारच्या सुसामीत आहे. १९९९ साली भरलेल्या नांकी-कुमानो प्रदर्शनाच्या निमित्ताने ती सुमारे दहा मीटर खोलीवर बसवली गेली आणि २००२ साली जगातील सर्वांत खोल टपालपेटी म्हणून गिनीजच्या नोंदीत आली. स्थानिक दुकानातून जलाभेद्य पत्र घ्यायचे, तेलकट शाईच्या पेनने मजकूर लिहायचा आणि खाली जाऊन पेटीत टाकायचे. डाइव्हर ती पत्रे गोळा करून टपालखात्याकडे पोहोचवतात आणि ती खरोखर घरी येतात. मीठ आणि गंज यांमुळे पेटीची वेळोवेळी देखभाल करावी लागते. काहींना हा बालिश खेळ वाटतो. मी मात्र आईला पाठवलेले पत्र तिने देवघराच्या फडताळात ठेवले आहे, त्यामुळे मी निःपक्षपाती साक्षीदार नाही.

एर्तुग्रुल या तुर्की जहाजाचे अवशेष पाहता येतात का?

पाण्याखाली अखंड जहाज पाहायला मिळेल, अशी कल्पना करून येऊ नये. ऑटोमन सुलतानाने मेइजी सम्राटाकडे सदिच्छा भेटीसाठी पाठवलेली ही लाकडी युद्धनौका परतीच्या वाटेवर १६ सप्टेंबर १८९० च्या रात्री वादळात सापडून की-ओशिमा बेटाच्या काशिनोझाकी टोकाजवळच्या खडकांवर फुटली. पाचशेहून अधिक माणसे मेली, ६९ वाचली. कड्यावरून वर चढून आलेल्या जखमींना काशिनो गावातल्या कोळी-शेतकऱ्यांनी आपल्या अंगाची ऊब दिली, आणि घरात होती नव्हती ती रताळी व कोंबड्या त्यांच्यासाठी काढली. २००७ पासून तुर्की व जपानी चमूंनी येथे पाण्याखालचे उत्खनन केले आहे. अवशेष विखुरलेले आहेत आणि ही जागा नेहमीच्या मनोरंजनाच्या बुड्यांची नव्हे. बेटावरचे स्मारक, संग्रहालय आणि दीपगृह मात्र आवर्जून पाहावे. १९९९ साली पूल झाल्यापासून बेटावर गाडीनेच जाता येते.

शंख, शिंपले, एखादी शेवंड वर आणता येते का?

नाही. यावर चर्चाच नको. जपानमध्ये किनाऱ्यालगतच्या समुद्रावर स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांचे कायदेशीर हक्क असतात. शेवंड, शंखवर्गीय प्राणी, काही समुद्री शैवाले ही त्यांची मिळकत. त्या हक्काचा भंग केल्यास दहा लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. अबालोनी हा शंखवर्गीय प्राणी आणि समुद्रकाकडी यांच्या चोरीसाठी तर डिसेंबर २०२० पासून तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा तीन कोटी येनपर्यंत दंड अशी तरतूद आहे. ‘एकच तर घेतली’ हे कारण चालत नाही. शिवाय या किनाऱ्याचा मोठा भाग योशिनो-कुमानो राष्ट्रीय उद्यानात मोडतो. डाइव्हिंग चालू आहे ते मच्छीमारांच्या संमतीने, आणि एका पाहुण्याच्या हावरेपणामुळे ती संमती सगळ्यांसाठी डळमळते.

धोकादायक प्राणी कोणते? भूकंपाचे काय?

हात न लावणे, हा एक नियम पाळला तर प्राण्यांची फारशी भीती नाही. सिंहमाशाचे काटे, दगडासारखा पडून राहणारा दगडमासा आणि निळ्या वर्तुळांचा चिमुकला ऑक्टोपस ही विशेष सांभाळण्याची नावे. आपल्या शिंगाळ्याच्या दूरच्या नात्यातल्या पट्टेदार माशाची पिल्ले चेंडूसारखा घोळका करून तळावरून लोळत जातात; फार गोजिरवाणी दिसतात, पण त्यांच्या पंखांत विषारी काटे असतात.

भूकंपाची गोष्ट अधिक गंभीर आहे. समोरच्या नांकाई सागरी खाईत १७०७, १९४४ आणि १९४६ साली मोठे भूकंप झाले आहेत आणि येथे त्सुनामी काही मिनिटांत किनाऱ्याला लागू शकते. गावातल्या रस्त्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंची आणि वर जाण्याची वाट दाखवणारे फलक आहेत. पहिल्याच दिवशी आपल्या निवासापासूनची वाट चालून पाहावी. समुद्रकिनाऱ्यावर लाल-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा हलवला जात असेल, तर तो त्सुनामीचा इशारा असतो. समुद्रावरील आपत्तीसाठी तटरक्षक दलाचा क्रमांक ११८, रुग्णवाहिकेसाठी ११९.

डाइव्हनंतर कोयासान हे डोंगरावरचे बौद्ध तीर्थक्षेत्र पाहून परतीचे विमान पकडायचे आहे. चालेल का?

हा प्रश्न मराठी मंडळींकडून हमखास येतो आणि त्याला कारणही आहे. महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यात २०१३ साली सहकार्याचा करार झाला आणि २०१५ साली कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला, त्यामुळे अनेकांना त्याच प्रवासात तेथे जाऊन वंदन करायचे असते. अवश्य जावे, पण आधी जावे आणि मग डाइव्ह करावी.

कारण असे की कोयासान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. खोल पाण्यात श्वास घेताना शरीरात जास्तीचा नायट्रोजन मुरतो आणि वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता निघण्याआधी हवेचा दाब कमी असलेल्या ठिकाणी गेलात, तर त्याचे बुडबुडे होऊन सांध्यांत, मज्जातंतूंत इजा होऊ शकते. विमानप्रवासासाठीचे सर्वमान्य नियम सुमारे ६०० मीटरवरच्या उंचीपासूनच लागू होतात: एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास. विमानासाठी मी पूर्ण दिवस मोकळा ठेवतो. गरम पाण्याच्या कुंडात, म्हणजे ऑनसेनमध्ये, डाइव्हनंतर लगेच डुंबणेही टाळावे. थोडा वेळ जाऊ द्यावा.

तेथे पोहोचावे कसे?

ओसाकाहून ‘कुरोशिओ’ याच नावाची जलद गाडी किनाऱ्याने कुशिमोतोला जाते आणि तीन तासांहून थोडा अधिक वेळ घेते. काही गाड्या शिराहामापर्यंतच जातात, हे तिकीट काढताना पाहावे. जाताना उजवीकडची खिडकी मागावी. समुद्र त्या बाजूला असतो. टोकियोहून यायचे तर नांकी-शिराहामा विमानतळ सोयीचा. भारतात काढलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जपानमध्ये चालतो, आणि सामान जड असेल तर भाड्याची गाडीच बरी. रस्ता वळणावळणाचा आहे. गाडी डावीकडूनच चालवायची असल्याने आपल्याला सोपे जाते.

शाकाहारी माणसाचे खाण्याचे हाल होतात का?

होतात, असे प्रामाणिकपणे सांगतो. दिसायला निव्वळ भाजी असली तरी तिच्या रश्शात वाळवलेल्या माशाचे सार असते. मोहरीच्या जातीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेला मेहारी-सुशी हा भाताचा गोळा या भागाची खासियत आहे, पण त्यातही काय घातले आहे ते विचारूनच घ्यावे. वाकायामाची संत्री आणि खारवलेली उमे फळे प्रसिद्ध आहेत; भात आणि उमे हा आपल्या भात-लोणच्याचा चुलतभाऊ समजावा. ठेपले आणि मेतकूट सोबत असू द्या. मासे खाणाऱ्यांची मात्र चैन आहे, कारण कुपा आणि गेदर यांच्या कुळातले ताजे मासे येथे उतरतात.

खर्च किती येतो?

बोटीवरून दोन बुड्यांना साधारण १३ ते १८ हजार येन आणि साधने भाड्याने घेतल्यास आणखी काही हजार, असा अंदाज धरावा. प्रवास विमा घेताना स्कूबा डायव्हिंग त्यातून वगळलेले नाही ना, हे बारीक अक्षरांतले कलम वाचून पाहावे.

समुद्र खवळल्यामुळे डाइव्ह रद्द झाली तर दिवस फुकट जातो का?

दोन दिवस डाइव्ह करायची असेल तर तीन दिवस हाताशी ठेवावेत, म्हणजे मनाला चुटपुट लागत नाही. रद्द झालेल्या दिवशी सागरी उद्यानात जावे. तेथे किनाऱ्यापासून आत बांधलेल्या मनोऱ्यातून पायऱ्या उतरून सुमारे सहा मीटर खोलीवरच्या गोल खिडक्यांतून तेच प्रवाळ कोरड्या कपड्यांत पाहता येतात, अर्थात लाटा फारच असतील तर पाणी गढूळलेले असते. हाशिगुई-इवा ही समुद्रात ओळीने उभी असलेली चाळीसएक खडकांची रांग गावाजवळच आहे. तिच्या आसपास विखुरलेले प्रचंड दगड जुन्या त्सुनामींनी वाहून नेले असावेत, असे अभ्यासकांचे मत आहे.

आणि वेळ असेल तर गावातल्या म्हाताऱ्यांना येथून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या डाइव्हरांविषयी विचारावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कुशिमोतो, ओशिमा आणि आसपासच्या गावांतली तरुण मुले थर्सडे आयलंड आणि ब्रूम येथे मोत्यांच्या शिंपल्यांसाठी जात. गुंड्या बनवण्यासाठी त्या शिंपल्यांना जगभर मागणी होती. पितळी शिरस्त्राण, शिशाचे तळ असलेले बूट आणि वरून पंपाने सोडलेली हवा एवढ्या बळावर ते खोल उतरत. वर किती सावकाश यायचे, याचे तक्ते तेव्हा नव्हते. ब्रूमच्या जपानी दफनभूमीत अशा शेकडो डाइव्हरांच्या कबरी आहेत. आज आपण मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरकडे पाहत पाच मीटरवर तीन मिनिटे थांबतो, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर याच बंदरातून बोटीत चढलेली ती मुले येतात, आणि मग मी तीनाऐवजी पाच मिनिटे थांबतो.